पायाळूची पाठ

क्षयरोग विभागातल्या ताईंनी मला मेळाव्यात दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. "काका, तुम्ही पूर्ण बरे झालात, लोकांना हिंमत येईल. फक्त जरा सकारात्मक बोला." मी गेलोच नाही. आजारपणानं मला नम्र केलं, जगण्याचा अर्थ शिकवला, असं सांगणाऱ्या लोकांचं मला हसू येतं. मला आजारपणानं चिडकं केलं आणि तो चिडकेपणा अजून उतरलेला नाही. ज्याची पाठ दुखते आणि ज्याच्या हाताला सध्या काम नाही, अशा माणसानं हे वाचावं. बाकीच्यांनी वाचलं तर माझी हरकत नाही, पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी काही लिहिणार नाही.

मिल

खामगावात सरकीच्या तेलाच्या एका मिलमध्ये मी एक्सपेलर चालवायचो. वरून सरकी पडते, खाली तेल गळतं, तोंडाशी ढेप, म्हणजे पेंड, बाहेर येते. कपड्यांना, केसांना, जेवणाच्या डब्याला तोच वास. मालकाच्या मुलांना धंद्यात रस नव्हता, त्यांनी मिल विकली आणि जागेवर प्लॉट पाडले. आम्हाला सांगितलं ते पेढे वाटून. पेढे कशाचे, हे तेव्हाही कोणी विचारलं नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. माझी पाठ मिल बंद पडल्यावर दुखायला लागली असं अख्खी गल्ली सांगते, ते खोटं आहे. ती शेवटच्या हंगामातच दुखत होती. पण तेव्हा मी कामावरचा माणूस होतो. मी पाठीला हात लावला की मुकादम म्हणायचा, "बसा घडीभर प्रल्हादभाऊ, लय राबता." कोणीतरी चहा आणायचं. घरी गेलो की बायको, संगीता, पाठीला तेल चोळायची. कष्टाच्या माणसाची पाठ दुखणारच, असं सगळ्यांचं मत होतं आणि माझंही तेच होतं.

मिल गेली. पाठ तीच, दुखणं तेच, फक्त आता त्याला वेगळं नाव पडलं. आता ते बसून बसून आलेलं दुखणं झालं.

माझा पाय

मी पायाळू आहे. जन्मताना आधी पाय बाहेर आले, म्हणून पायाळू. ढग गडगडायला लागले की आई मला घरात ओढायची, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. आणि कोणाची उसण भरली, म्हणजे कमरेत एकदम कळ येऊन माणूस वाकडा झाला, की त्याला पायाळूकडे नेतात. तो उंबऱ्यावर पालथा पडतो, पायाळू त्याच्या कमरेला तीनदा पाय लावतो, आणि माणूस उठून सरळ चालायला लागतो. निदान तसं सांगतो तरी. पैसे घ्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, जाताना मागं बघायचं नाही.

मी लहान असल्यापासून हे करत आलो. मिलमध्ये असताना लोक रविवारी यायचे. मिल बंद झाल्यावर कधीही यायला लागले. "तुमी तं घरीच हाय न," म्हणून सकाळच्या चहालाच दारात कोणीतरी वाकडा होऊन उभा असायचा. मी भिंतीला धरून उठायचो, त्याला पाय लावायचो आणि पुन्हा भिंतीला धरून बसायचो.

शेवटी एकाला मी म्हणालो, "माझीच पाठ दुखून राह्यली भाऊ, आज नाई जमणार." तो हसला. नुसता हसला नाही, गल्लीभर सांगत सुटला. पायाळूची पाठ दुखते, असं कधी कोणी ऐकलं होतं का? ज्याच्या पायानं दुसऱ्यांची पाठ बरी होते त्याची स्वतःची दुखेल कशी? म्हणजे नक्कीच सोंग. आधी बेकार होतो, आता ढोंगीही झालो.

कोणी न विचारलेलं

त्या काळात मला रोज एकच प्रश्न विचारला जायचा. दुकानात, दाढी करताना, मयतीलासुद्धा. "काम भेटलं का मग?" मी सांगायचो, नाही, पाठ दुखते, उभं राहवत नाही. यावर समोरचा मान हलवायचा. त्या मान हलवण्यात काय असतं ते ज्याला काम नाही त्याला बरोबर कळतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनीही तसलाच प्रश्न विचारला. काय करता? सध्या काही नाही. मग त्यांनी मला हातही लावला नाही. स्नायू आखडलेत, घरी बसून होतं असं, सकाळी फिरायला जात जा. एक इंजेक्शन दिलं. संध्याकाळी अंगात कणकण असते म्हणालो, तर म्हणाले, टेन्शन. वजन उतरलं म्हणालो, तर म्हणाले, काळजी करू नका, काळजीनंच उतरतं. मी फिरायला जायला लागलो. दर सकाळी थोडं कमी चालता यायचं आणि परतताना कोणाच्या तरी ओट्यावर बसावं लागायचं. ओट्यावर बसलेला दिसलो की पुन्हा तोच प्रश्न.

सगळ्यात जास्त राग मला माझ्या साळ्याचा, विलासचा. तो मेहकरला असतो, बियाण्यांच्या कंपनीत आहे, दिवसभर मोटारसायकलवर या गावातून त्या गावात. चांगला कमावतो आणि ते विसरू देत नाही. यायचा तेव्हा बहिणीला बाजूला घेऊन बोलायचा, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "ताई, भाऊजीले आता सवय लागून राह्यली. माणूस एकदा घरी बसला की त्याले सगळंच दुखते."

संगीता तोवर एका पापड-शेवयांच्या उद्योगात जायला लागली होती. उभ्यानं काम. ती थकून यायची आणि मी खाटेवर. तिनं मला ढोंगी कधीच म्हटलं नाही, हे मी मान्य करतो. ती एकदाच बोलली, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"उद्या मिलचा फोन आला तं उठसान का?"

मी भिंतीकडे कूस वळवली.

"नाई, सहज विचारलं. माझीबी कंबर दुखते, पण मी कोणाले सांगू?"

मिलचा फोन येणार नव्हता, तिथं प्लॉट पडले होते, हे तिलाही माहीत होतं. तिला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही याचं कारण असं की मलाही माहीत नव्हतं. मलासुद्धा वाटायला लागलं होतं की फोन आला तर कदाचित मी उठेन. आपलं दुखणं खरं की खोटं हे आपल्यालाच कळेनासं होतं, इथपर्यंत लोक माणसाला आणून सोडतात. लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी दुखायचं. हे कोणत्याच डॉक्टरला पटणार नाही, पण मी अंगावर काढलं आहे.

दुसरा पायाळू

पायाळूला स्वतःच्या पाठीला स्वतःचा पाय लावता येत नाही. म्हणून विलासनं दुसरा पायाळू शोधला. मेहकरकडचाच, भरभक्कम माणूस, गुळाच्या पोत्यासारखा. विलास त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला, माझ्यावर केवढे उपकार करतोय अशा तोऱ्यात.

"आता पाहा भाऊजी. खरं दुखणं अशीन तं आत्ता जाते. नाई गेलं तं मग समजून घ्या."

म्हणजे परीक्षाच होती. संगीता दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती आणि ती आशा बघून मला नाही म्हणता आलं नाही. मी उंबऱ्यावर पालथा पडलो. आयुष्यभर ज्या जागी दुसऱ्यांना पडलेलं पाहिलं, त्या जागेवरून फरशी कशी दिसते ते पहिल्यांदा पाहिलं. त्यानं पहिला पाय लावला. दुसरा लावला. तिसरा त्यानं लावला नाही, मारला.

मी ओरडलो असणार, कारण समोरचे लतीफचाचा दुकान सोडून धावत आले. लतीफचाचा गाद्या भरतात, त्यांच्या दाढीला कापूस होता. ते एवढंच म्हणाले, "अरे, मार डालोगे क्या इसको?"

मी उठायला गेलो तर पाय माझे वाटेनात. मुंग्या आल्यासारखे होते आणि जमिनीला टेकल्याचं कळत नव्हतं. विलास म्हणाला, "नाटकं नका करू भाऊजी."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. त्यानं वाचावं.

निदान

लतीफचाचांनी आणि त्यांच्या मुलानं मला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीवरच्या माणसानं नाव विचारलं, वय विचारलं, मग विचारलं, "धंदा?" मी म्हणालो, "एक्सपेलर ऑपरेटर." तो म्हणाला, "सध्या?" दोन माणसांनी काखेत धरून उभा केलेल्या माणसाला तो विचारत होता, सध्या काय करता. मी म्हणालो, सध्या पडतो आहे.

आतली डॉक्टरीणबाई तरुण होती, लग्न होऊन गेलेल्या माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं काय करता विचारलं नाही. काम मिळालं का, तेही विचारलं नाही. ती म्हणाली, "कुठं दुखतं? एका बोटानं दाखवा."

मला क्षणभर कळलंच नाही. इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी हात मागं नेला आणि एका मणक्यावर बोट ठेवलं. तिनं तिथंच हळूच दाबलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला. मग तिनं ताप विचारला, घाम विचारला, वजन विचारलं. मी सगळ्याला हो म्हणत गेलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुखत होतं म्हणून नाही.

एमआरआय अकोल्याला झाला. मणक्याचा क्षयरोग. हाड पोखरलं होतं, आणि नसांवर दाब आला होता. डॉक्टरीणबाईंना लाथेबद्दल कळलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणखी एक बसली असती ना काका, तर कायमचं चालणं गेलं असतं."

त्या दिवशी मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. क्षयाचं नाव ऐकून संगीता भिंतीला टेकून रडायला लागली आणि मी खाटेवर पडून मनातल्या मनात हसत होतो. सोंग नव्हतं. आळस नव्हता. हाड कुजलं होतं, फोटोत काळंपांढरं दिसत होतं. पुन्हा चालेन की नाही ही भीती नंतर आली, पण आधी आला तो आनंदच. ज्या लोकांमुळे माणसाला असला आनंद होतो, त्या लोकांना काय म्हणावं?

फळी

वॉर्डातले दिवस सगळे एकसारखे. सकाळी उपाशीपोटी गोळ्यांची मूठ, मग मळमळ, मग लघवी नारिंगी. पालथं व्हायचं नाही, बसायचं नाही, वळायचं तर ओंडक्यासारखं एकदम वळायचं. रोज नर्स तळपायाला टाचणी लावून विचारायची, समजतं का? काही दिवस समजत नव्हतं. एक दिवस डाव्या अंगठ्याला समजलं आणि मी इतक्या मोठ्यानं हो म्हणालो की शेजारचा म्हातारा दचकून उठून बसला. मग त्यानंही उगीच टाळी वाजवली.

भेटायला लोक यायचे, बिस्किटाचे पुडे घेऊन. आता सगळ्यांना कळवळा. "आमाले वाटतच होतं काहीतरी मोठं हाय म्हणून." मी पुढे केलेले पुडे घेत होतो आणि एकेकाचा चेहरा लक्षात ठेवत होतो. विलास आला नाही. त्याला हंगामाचं काम होतं म्हणे.

लाकडी फळीवरच झोपायचं असं बजावून घरी पाठवलं तेव्हा मी पहिली गोष्ट काय केली असेल तर एमआरआयचा काळा फोटो अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगला, गल्लीकडे तोंड करून. म्हणजे मी नाही, मी पडून होतो. संगीताला सांगून टांगायला लावला.

"लोक काय म्हणतीन?"

"तेच पाहाचं हाय. टांग."

उन्हात हाडं दिसायची. येणारा-जाणारा थांबून बघायचा आणि मग खाली मान घालून जायचा. गल्लीतले डॉक्टर एकदा स्कूटर थांबवून बघून गेले. आठवड्यानं वाऱ्यानं फोटो पडला तेव्हा संगीतानं तो गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि मी तो पुन्हा टांगायला लावला नाही.

लतीफचाचांनी माझ्या फळीसाठी पातळ, कडक गादी भरून आणली. मी उगीच संकोचलो तर म्हणाले, "तुमने मेरे को कितनी बार पैर लगाया, मैंने कभी पूछा क्या काम पे हो के घर पे?" या आजारपणात मला मिळालेली चांगली वस्तू म्हणायची तर ती गादी. वर्षभर तिच्यावर पडून मी छताकडे बघत लोकांना द्यायची उत्तरं तयार केली. विलासला द्यायची तर इतकी घडवली होती की पाठ झाली होती.

संगीता सकाळी मला पाठीच्या आधाराचा पट्टा बांधून कामावर जायची. पाठीमागून घट्ट ओढायची, पुढे येऊन पट्ट्या चिकटवायची. रोज तिची बोटं त्या मणक्यावरून जायची. आम्ही भाजीचं बोलायचो, गोळ्यांचं बोलायचो. मिलच्या फोनचं पुन्हा कधी निघालं नाही. तीही काढायची नाही आणि मीही. पण ते वाक्य घरात होतं, भाकरीच्या तव्याएवढं.

भाऊबीज

औषधं संपली. हाड जुळलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा काढायला सांगितला आणि मला हलकं, बसून करायचं काम चालेल म्हणाल्या. ढेपेच्या एका दुकानात काट्यावर बसायचं काम मिळालं. वजन बघायचं आणि सांगायचं, उचलायला हमाल आहेत.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी घरी आलो तर पाठ थोडी भरून आली होती. साधीच, बसून येते तशी. मी पाठीला हात लावला मात्र, संगीतानं रबरी पिशवीत गरम पाणी भरून आणलं. "दिवसभर बसून दमले असान." मी ती पिशवी हातात घेऊन बघत राहिलो. आता खरंच बसून बसून दुखत होतं, आणि आता पिशवी मिळत होती.

"ही घरात कधीपासून हाय?" मी विचारलं.

"लग्नातली हाय. काऊन?"

मी पिशवी बाजूला ठेवली. ती थंड झाली तरी मी घेतली नाही.

आणि मग दिवाळीत भाऊबीजेला विलास आला. गाडीवरून उतरला तोच वाकडा होऊन. ओवाळून घ्यायला पाटावर बसता येईना, त्याला खुर्ची द्यावी लागली. संगीता ओवाळता ओवाळता कळवळत होती. "दिवसभर गाडीवर रायते बिचारा, या रस्त्यांनं हाडं खिळखिळी होतात." ती स्वयंपाकघरात पिशवी भरायला गेली. विलास खुर्चीवरून उठला, उंबऱ्यापाशी गेला आणि मला काही कळायच्या आत पालथा पडला.

"भाऊजी, पाय लावा. तुमच्याच पायाले गुण हाय."

त्याच उंबऱ्यावर. मी त्याच्याजवळ उभा राहिलो. खोटं सांगत नाही, माझा उजवा पाय उचलला गेला होता. फळीवर पडून घडवलेली सगळी उत्तरं तोंडाशी आली होती. सवय लागली का विलास? नाटकं करतोस का? त्याची कंबर माझ्या पायाखाली होती आणि त्याला मागचं काही दिसत नव्हतं.

मी पाय खाली ठेवला. मला दया आली नव्हती. माझ्या पायात त्याला मारण्याएवढा जोर आहे की नाही हे बघायची इच्छा होती, आणि जोर होता. तेवढं पुरे झालं.

"कुठं दुखते?" मी मोठ्यानं विचारलं. "एका बोटानं दाखव."

त्यानं हात मागं आणून सगळ्या कमरेवर फिरवला. "हे अशी सगळीच."

"ताप येते का संध्याकाळी? वजन उतरलं का?"

"नाई न भाऊजी. तुमी तं डॉक्टरवानी विचारून राह्यले. लावा न पाय."

"पाय लावत नसतो मी आता. ऊठ. कळ थांबली नाई तं दवाखान्यात जाऊन फोटो काढ."

तो कुरकुरत कुशीवर वळला. मी मागं पाहिलं तर संगीता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात भरलेली पिशवी. भावाला द्यायला आणली होती आणि देत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"तुमची कुठं दुखत होती?" तिनं विचारलं.

विलाससमोर विचारलं. हे विचारायला तिला केवढा काळ लागला ते मला ठाऊक होतं. आता विचारतेस, असं मी म्हणणार होतो. तेही उत्तर तयार होतं, फार दिवसांपासून तयार होतं.

मी तिच्याकडे पाठ केली आणि सदरा वर केला. हात मागं नेऊन दाखवायला लागणार तोच तिचं बोट टेकलं, पिशवीनं गरम झालेलं, बरोबर त्या मणक्यावर.

"इथंच न?"

माझा राग गेलेला नव्हता, अजूनही गेलेला नाही. पण मी हो म्हणालो.